यशवंतकाकांचा ताल सुटला नव्हता

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जाच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जसुद्धा आई दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. त्यामुळे कागद समोर घेतला की अजूनही वाटतं — हे आपण कोणाच्या परवानगीने करतोय? चूक निघाली तर? लोक हसले तर?

तरी लिहितोय. आता थांबायचं नाही असं ठरवूनच बसलोय. कारण यातला एक भाग मी परवापर्यंत कोणालाच सांगितलेला नव्हता. आईला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवा होता त्यांना तर समोर बसूनही नाही. तुम्हाला सांगतो. मध्ये अडखळलो तर सांभाळून घ्या.

कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही कासारवाडीत राहतो. बाबा भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला आहेत. तिथल्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्यांपैकी एक बाबा शेअर रिक्षात मांडीवर ठेवून घेऊन आले. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. मला आधीपासून गाण्याचा नाद — गायचा नव्हे, गाणं बनतं कसं ते बघण्याचा. आवाज रेकॉर्ड कसा होतो, ढोलकी वेगळी आणि गळा वेगळा कसा ठेवतात, मग दोन्ही एकत्र कसे बसवतात. एक जुना माइक मिळवला, माइक कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी मिळवली, आणि त्या थकलेल्या मशीनकडून गाण्याचं काम करून घ्यायच्या मागे लागलो.

इंग्रजी व्हिडिओ बघायचो. ‘तुमचा घरचा कॉम्प्युटर संगीतासाठी असा तयार करा’ — अशा अर्थाचे. माणूस भराभर बोलायचा. मला निम्मं कळायचं, पण त्याच्या स्क्रीनवर तो काय दाबतो ते दिसायचं. तो दाबेल ते मी दाबायचो. विजेची सेटिंग ‘पूर्ण ताकद’वर. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप सुरू होणारे सगळे प्रोग्राम बंद. इंटरनेट बंद, अँटिव्हायरस बंद, खिडक्यांची सरकणारी शोभा बंद. बाबांच्या रंगाच्या ब्रशने आतल्या पंख्याची धूळ काढली. आणि शेवटी बफर — तो त्याने सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेला, मीही नेला. आधी आवाजात तव्यावर मोहरी टाकल्यासारखी चरचर यायची. ती गेली. मी उडी मारली होती, खरंच सांगतो.

बफर म्हणजे काय, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे कोणाला कळू नये एवढंच मला माहीत होतं.

आमच्या वस्तीतल्या विहारात एक गायन मंडळ आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला, पावसाळ्यात वर्षावासाला, कोणाच्या घरी बारसं किंवा कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असलं की ते गातात. त्याचे मुख्य गायक यशवंतकाका. बत्तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काम केलेला माणूस. प्रेसशॉप म्हणजे पत्र्यावर मशीनचा ठोका पडून भाग निघतात ते खातं. आत गेलं की पायाखालची फरशी हलते. काका सांगायचे, “अरे, मशीननं मला ताल शिकवला. ठोका चुकला तर गाणं नाही चुकत तिथं, बोट जातं.” त्यांची दहाही बोटं शाबूत होती. ती ते वर करून दाखवायचे, आणि मग गायला सुरुवात करायचे.

आवाज कसा होता? पहाडी वगैरे म्हणतात तसा नाही. थोडा खरखरीत, पण वरच्या पट्टीला गेला की एकदम मोकळा व्हायचा. ओळ ते अशी सोडायचे की ढोलकीवाल्याची थाप नेमकी त्या शब्दावर पडायची. लहानपणी मी आईच्या मांडीवर बसून ते बघायचो आणि मला वाटायचं, ढोलकीच त्यांच्या शब्दाची वाट बघते.

मंडळाने त्या वर्षी ठरवलं की आपली गाणी जयंतीच्या आधी रेकॉर्ड करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायची. कोणी म्हणालं, स्टुडिओत जाऊ. मनोजदादा, आम्ही त्याला मन्यादादा म्हणतो, मंडळाचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, “स्टुडिओ कशाला? आपला सुमित हाय ना! कॉम्प्युटरचं शिकतोय पोरगं.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याची मला आजही आठवण येते, आणि लाज वाटते ती त्याचीच — मला ते बघणं फार आवडलं होतं.

गुरुवार होता. आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे सगळे मोकळे. ढोलकी आणि हार्मोनियम सकाळी आमच्या घरी रेकॉर्ड करून झाली. छान झाली. दुपारी आईने खिडकीला गोधडी लावली, पंखा बंद केला, आणि काका माइकसमोर उभे राहिले. मी त्यांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. त्यात आधीची ढोलकी वाजणार, आणि त्यांचा स्वतःचा आवाजही येणार. दारात मन्यादादा, कोरसची चार माणसं, शेजारच्या दोघी-तिघी.

काकांनी पहिली ओळ घेतली. बरोबर. दुसऱ्या ओळीला ते थोडे मागे पडले. तिसरीला आणखी. मग थांबले.

“बाळा, माझाच आवाज मला मागनं ऐकू येतोय रं.”

हे त्यांनी सांगितलं होतं. स्पष्ट, सगळ्यांसमोर, पहिल्याच वेळी. म्हणजे बत्तीस वर्षं ठोक्यावर जगलेल्या माणसाने दोष नेमका कुठे आहे ते एका वाक्यात सांगितलं होतं.

आणि मी म्हणालो, “काका, हेडफोनमध्ये तसंच असतं. सवय होते.”

का म्हणालो? मला माहीत होतं का की तसं असतं? नाही. मी ‘बघतो’ म्हणू शकलो असतो की नाही? ‘मला कळत नाही’ म्हणू शकलो असतो की नाही? दारात माणसं उभी होती. बस, एवढंच.

ते पुन्हा गायले. पुन्हा मागे. चार वेळा, पाच वेळा. घामाने बनियन भिजली. मग मी जे केलं ते असं. मी स्क्रीन वळवली. ढोलकीच्या थापा तिथे उभ्या रेघांसारख्या दिसतात, आणि गळ्याचा आवाज खाली डोंगररांगेसारखा. मी बोट ठेवून दाखवलं — “ही बघा काका, इथे थाप. आणि तुमचा शब्द इथे. मागे. इथेही मागे. तुमचा ताल सुटतोय.”

मी हे मवाळ आवाजात म्हणालो. डॉक्टरसारखं. त्याने जास्त खरं वाटलं असणार.

मन्यादादा हसत म्हणाला, “काका, प्रेसचा ठोका अजून कानात बसलाय का काय?” बाकीचेही हसले. वाईट हसू नव्हतं. प्रेसशॉपमधून रिटायर झालेल्या कितीतरी माणसांना ऐकू कमी येतं. आमच्याकडे घराघरांत टीव्हीचा आवाज मोठा असतो तो त्यामुळेच. त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. एका क्षणात पटलं. काकांनाही.

त्यांनी हेडफोन काढले, दोन्ही हातांनी, मोडेल म्हणून काढावं तसे, आणि टेबलावर ठेवले. म्हणाले, “मशीन काय खोटं बोलतंय व्हय. मन्या, तू घे.”

मन्यादादाने घेतलं. त्याला हेडफोनची सवय नाही, म्हणून त्याने एक कान उघडा ठेवला. त्या उघड्या कानाने त्याला स्वतःचा आवाज जसाच्या तसा, वेळेवर ऐकू येत होता. तो तालात गायला. अगदी तालात. झालं — मशीन बरोबर, काका चूक. आणखी पुरावा कोणाला हवा होता?

त्या जयंतीला काका गायले नाहीत. मागे कोरसमध्ये उभे राहिले, टाळ्याही वाजवत नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनी कोरसही सोडला.

मला कळलं ते मे महिन्यात. परीक्षा संपल्यावर मी सहज माझाच आवाज रेकॉर्ड करत होतो, दोन्ही कान झाकून, मराठीत काहीतरी वाचत. आणि मी बोबडा बोलायला लागलो. खरंच. शब्द चिकटायला लागले, जीभ थांबून थांबून पुढे जायला लागली. हेडफोन काढले की नीट, चढवले की बोबडा. मग तो जुना व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी खाली लिहून येणारे शब्द वाचत वाचत, शब्दकोश उघडून. शेवटी तो माणूस सांगत होता — मी पूर्वी इथे व्हिडिओ बंद केला होता — की मोठा बफर हा रेकॉर्ड झालेल्या गोष्टी जुळवताना ठेवायचा. कोणी गात असताना तो लहान करा. कारण कॉम्प्युटर आवाज आला तसा पुढे देत नाही, आधी साठवतो आणि मग देतो. साठा मोठा, तर उशीर मोठा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, आणि तो नकळत स्वतःसाठी थांबत राहतो.

मी काकांची फाइल उघडली. पाचही वेळचं गाणं तिथे होतं. मोठं करून, रेघ न् रेघ बघितली. आणि काय दिसलं सांगू? प्रत्येक कडव्याच्या आधी नुसती ढोलकी वाजते, तेव्हा काका गप्प असतात. त्यामुळे त्यांना स्वतःचा उशिराचा आवाज ऐकू येत नाही. आणि त्यानंतर येणारा कडव्याचा पहिला शब्द — पाचही वेळा, प्रत्येक कडव्याचा — थापेवर होता. बरोबर थापेवर, एका केसाचा फरक नाही. दुसऱ्या शब्दापासून माझं मशीन त्यांना मागे ओढत होतं.

तो पहिला शब्द त्या दिवशीही स्क्रीनवर होता. मी बोट त्याच्या पुढच्या शब्दांवर ठेवलं होतं.

काकांचं घर आमच्यापासून चार गल्ल्या. चालत पाच मिनिटं. मी गेलो का?

नाही गेलो. मी कॉम्प्युटर सुधारला. फाइल ठेवायला वेगवान डिस्क बसवली, मेमरी वाढवली, माइकच्या पेटीचं योग्य सॉफ्टवेअर घातलं. बफर लहानात लहान करूनही चरचर येणार नाही इतकं मशीन चोख केलं. माणसाशी जे सरळ करायचं होतं ते मी मशीनशी करत बसलो. आसपासची गाणारी पोरं कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे यायला लागली. ‘सुमितकडे ने, आवाज लोण्यासारखा करून देतो.’ मी प्रत्येकाला पहिली गोष्ट बफरचीच सांगायचो. प्रत्येकाला! काका रस्त्यात दिसले की मी मोबाइल कानाला लावायचो.

दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे तळेगावला राहायला गेले. मला हलकं वाटलं. लिहितो तसंच — हलकं वाटलं.

या फेब्रुवारीत शांताकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आईला भेटायला आल्या. मी चहा देत होतो. त्या आईला सांगत होत्या, “तीन ठिकाणी कान दाखवले बघ. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं चांगले हायेत. ह्यांना पटत न्हाई. म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, मी मशीनमधी बघितलंय डोळ्यांनी. घरात गाणं लागलं तर उठून बाहेर जाऊन बसतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सुमित, बाळा, तुझ्या त्या मशीनवर परत एकदा बघशील का रे? काही फरक पडलाय का, एवढंच. तू सांगितलंस तर ऐकतील.”

मी म्हणालो, “बघतो काकू.”

कप ठेवून मी मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. मी सांगितलं तर ऐकतील. चार वर्षं ते माझंच ऐकत होते.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी कॉम्प्युटर गाडीवर बांधला. कॉम्प्युटरचा डबा पुढे, स्क्रीन पाठीला, हेडफोन पिशवीत. वाटेत ठरवत होतो की काय दाखवायचं, आधी मोठा बफर लावून, मग लहान करून, काकांना स्वतःलाच फरक कळेल. तळेगावला पोचलो. काका गॅलरीत खुर्चीवर होते, बारीक झालेले. मी डबा उतरवला, वायरी सोडायला लागलो, हेडफोन पुढे केले.

“ते नको,” काका म्हणाले. “तोंडानं सांग.”

तोंडाने सांगायची मी तयारीच केली नव्हती. वायर हातात धरून मी बोललो. ताल तुमचा नव्हता सुटला काका. मशीनमुळे आवाज उशिरा येत होता. सेटिंग मी चुकीची ठेवली होती. तुम्ही पहिल्यांदाच सांगितलं होतं, मागनं येतोय म्हणून. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे मी सांगितलं नाही.

त्यांनी मान खालच्या रस्त्याकडे वळवली. मग विचारलं, “तुला कळलं कधी?”

“त्याच वर्षी. मे महिन्यात.”

त्यांनी मांडीवरच्या हाताची बोटं एकेक करून मिटली. “त्या वर्षीची धरून चार जयंत्या,” म्हणाले. काकूंनी दिलेला चहा मी प्यायलो, कसा प्यायलो माहीत नाही. निघताना ते एवढंच म्हणाले, “डबा नीट बांध. रस्ता खराब हाय.”

त्यांना सगळ्यांसमोर चूक ठरवलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच फिरवायला हवं होतं. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि हेच पुन्हा सांगितलं. कोणी ओरडलं नाही. मन्यादादा तेवढा खाली बघून म्हणाला, “च्यायला, म्हणजे माझा ताल भारी म्हणून मी चार वर्षं उड्या मारतोय, आणि कारण काय, तर मी एक कान उघडा ठेवलेला?” कोणी हसलं नाही. तोही हसला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला आणि न ठेवताच गेला.

आता तुम्हाला वाटेल, सांगून झालं की. कबूल केलं, जाऊन केलं, सगळ्यांसमोर केलं. आई तेच म्हणाली — “झालं ना आता, जेव.”

नाही झालं. काकांना सांगितलं त्यातही मी एक गोष्ट गाळली. विहारातही गाळली. ती इथे लिहितो.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रकल्प सादर करायचा कार्यक्रम होता. मी विषय घेतला — घरचा कॉम्प्युटर संगीताच्या कामासाठी कसा तयार करावा. हॉल भरलेला. सरांनी सांगितलं होतं, नुसती सेटिंग दाखवू नकोस, लोक झोपतात, उदाहरण दे. मी उदाहरण दिलं. मी काकांचा आवाज लावला.

हो. त्यांची ती फाइल. मोठ्या स्पीकरवर. नाव सांगितलं नाही. ‘एक ज्येष्ठ गायक’ असं म्हणालो. स्क्रीनवर तीच डोंगररांग आणि त्याच रेघा. मी म्हणालो, “ऐका, गायक ताल सोडतोय असं वाटतं ना?” पोरं हसली. ते मागे पडत जाणारं गाणं ऐकायला खरंच विचित्र वाटतं. मी हसू दिलं. हसू संपेपर्यंत थांबलो — कारण त्याने पुढचं वाक्य जोरात बसणार होतं. मग म्हणालो, “गायक बरोबर आहे. चूक कॉम्प्युटरची आहे.” आणि कडव्याचा तो पहिला शब्द मोठा करून दाखवला, थापेवर अचूक बसलेला. सगळा हॉल ‘ओह’ म्हणाला. टाळ्या. पहिला नंबर. बक्षीस देणाऱ्या मॅडमनी विचारलं, “ते गायक आता काय म्हणतात?” मी म्हणालो, “खूश आहेत.”

तेव्हा काका कासारवाडीतच होते. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. त्यांचा ताल बरोबर होता हे हॉलभर अनोळखी पोरांना कळलं होतं, सरांना कळलं होतं, बक्षीस देणाऱ्या मॅडमना कळलं होतं. फक्त त्यांना नव्हतं. आणि माझ्या वाक्यात चूक कॉम्प्युटरची होती. माझी नव्हती. तिथेही नाही.

भीती वाटत होती म्हणून मी गप्प बसलो असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलो. भित्रा माणूस खरं कुठेच बोलत नाही. मी बोललो होतो. जिथे बोलल्याने टाळ्या मिळणार होत्या तिथे, माइकवर, नीट तयारी करून. पहिल्या नंबरचं ते प्रमाणपत्र आईने भिंतीला लावलं होतं. चार माणसं आली की दाखवायची. परवा मी ते काढलं. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. खिळा तसाच आहे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी या कागदांची प्रत काढली आणि तळेगावला काकांच्या पत्त्यावर पाठवली. छापायला द्यायच्या आधी त्यांनी वाचावं, एवढ्यासाठी. पाकिटावर ‘छापायच्या आधी वाचा’ एवढंच लिहिलं, सोबत चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहिणार होतो? फोन केला नाही. त्यांनी उत्तर द्यावं असं मी म्हणू शकत नाही, म्हटलंही नाही. छापू नको म्हणाले असते तर छापलं नसतं. पंधरा दिवस काहीच कळलं नाही. मग शांताकाकूंचा आईला फोन आला — पाकीट मिळालं, सुनेने वाचून दाखवलं, ह्यांनी परत एकदा वाचायला लावलं, छापायचं तर छापू दे म्हणाले.

काल संध्याकाळी मन्यादादा कामावरून परस्पर आमच्याकडे आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून, हेल्मेट हातात धरून बोलला. काकांनी त्याला स्वतः फोन केला होता. तळेगावला त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्यातरी मुलीचं बारसं होतं. म्हणाले होते, ढोलकीवाल्याला घेऊन ये.

“गायले?” मी विचारलं.

“गायले,” मन्यादादा म्हणाला. “जुनंच गाणं, आपण रेकॉर्ड केलेलं तेच. ताल कुठंच सुटला नाही सुम्या. एकदापण नाही. ढोलकीवाल्याला रडू आलं.” त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “पण आवाज आता वर जात नाही राव. चार वर्षं गळा बंद ठेवलेला. दुसऱ्या कडव्याला वरची पट्टी घ्यायला गेले, नाही लागली. परत घेतली, परत नाही लागली. मग माझ्याकडं बघून मान हलवली — तू घे. पुढचं मी पुरं केलं. ते बसून मांडीवर ताल देत होते.”